खिशातला लगदा

गिऱ्हाइकाचा कपडा खिसे तपासल्याशिवाय पाण्यात टाकायचा नाही, हा लाँड्रीवालीचा नियम. पावती असो की पेनाचं टोपण, पाकिटात घालून कपड्याला टाचायचं आणि परत करायचं. याचा तिला केवढा तोरा! घरचे कपडे मात्र सगळ्यात शेवटी, बोचकंच्या बोचकं मशीनमध्ये.

त्या महिन्यात लेकीच्या गणवेशातून चारदा कागदाचा लगदा निघाला. चारही वेळा तिने पोरीला फैलावर घेतलं. एवढी घोडी झालीस, खिसे रिकामे करता येत नाहीत? पोर आधीच घुमी झाली होती, अर्धं ताट टाकून उठायची. वयच तसलं, म्हणून आईने कानाडोळा केला.

मग कळलं, की पोर रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथपालबाईंपाशी जाऊन रडते. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तडक वाचनालय गाठून तिने मुलांदेखत बाईंवर तोंडसुख घेतलं. "घरात आई जिवंत आहे तिची. तुम्हाला कशाला नसती उठाठेव?"

बाईंनी मुलांना बाहेर पाठवलं आणि खुर्ची पुढे केली. "मीही तेच म्हटलं, आईला सांग. तोंडाने जमेना, तर लिही म्हटलं. ती म्हणाली, खिशात ठेवते, आई खिसे बघितल्याशिवाय कपडा धूतच नाही. चार चिठ्ठ्या लिहिल्या तिने. चौथीनंतर म्हणाली, आई गिऱ्हाइकांचेच बघते."

"काय लिहिलं होतं?"

"तुमच्यासाठीच होतं, म्हणून सांगते. झोप येत नाही, कशातच जीव रमत नाही, मला डॉक्टरकडे नेशील का, एवढंच."

लाँड्रीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावाचे खिसे चाचपणाऱ्या बाईने पोटच्या पोरीचा खिसा पाहिला नव्हता. बाईंची माफीसुद्धा तिला धड मागता आली नाही.

घरी येऊन तिने टोपलीतला गणवेश काढला आणि दोन्ही खिशांत हात घातला. पोरीने आईचं ऐकलं होतं, खिसे रिकामे होते.

धुऊन वाळलेल्या गणवेशाला तिने दुकानाचं पाकीट टाचलं. आत लिहिलं होतं, 'चारही मीच धुतल्या, न वाचता. चुकले. आपण डॉक्टरकडे जाऊ. माझ्याशी बोलशील?'

सकाळी पोरीने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मग दप्तर उचललं.

"आधी बाईंना विचारते."

आईला वर बघवेना. "विचार," ती म्हणाली. "सुटल्यावर मी फाटकाशी थांबते."