तव्यावरचा साक्षीदार

घरात तिला सगळे शंकाबाई म्हणत. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून झाली तरी ती दुधाचा वास घेई, आणि वास घेऊन झाला की पुन्हा तारीख वाची, एवढाच तिचा अपराध. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे जंतू वाढवून पाहिल्यावर माणसाचे दुसरे काय होणार? पण शनिवारी ती आपल्या आत्याच्या खानावळीत मागच्या दाराने शिरली तेव्हा चिडवायचा कुणाला धीर झाला नाही. तिचा सहा वर्षांचा मुलगा रक्ताचे जुलाब होऊन कालपासून रुग्णालयात होता. डॉक्टर त्याच्या मूत्रपिंडांवर नजर ठेवून होते. पहाटेपासून त्याला लघवी झाली नव्हती.

सासरची मंडळी बुधवारच्या आइस्क्रीमवर खापर फोडून मोकळी झाली होती. तिला ते पटेना. सकाळी सहकारिणीने तपासणीत सापडलेल्या ज्या जंतूचे नाव सांगितले, तो जनावरांच्या आतड्यात सुखाने नांदतो आणि माणसाच्या पोटात गेल्यावर बहुधा तीन-चार दिवस दबा धरून बसतो. जुलाब गुरुवारी रात्री लागले. मागे मोजत गेले की बोट सोमवारवर येऊन टेकत होते. सोमवारी शाळा सुटल्यावर मुलगा नेहमीप्रमाणे आत्याकडे जेवला होता. सोमवारी आणि शनिवारी आत्याकडे खिम्याचे कटलेट असत.

साडेबाराला चाळीस कामगार जेवायला येणार होते. बाराला दहा कमी होते आणि पहिला घाणा तव्यावर होता.

"बाळ कसंय?" आत्याने उलथने न थांबवता विचारले. तिचे डोळे सुजले होते.

"तसंच. आत्या, खिमा कुठून आणलास?"

"म्हणजे माझ्यावर आलं तर."

"अजून कुणावरच आलं नाही. विचारतेय फक्त."

"नेहमीचाच खाटीक. माझ्यासमोर यंत्रातून काढून देतो. एकदम ताजा."

ताजेपणा हा पुरावा नव्हे. अख्ख्या तुकड्याला जंतू असले तर वरून असतात आणि आच पहिल्यांदा तिथेच लागते. यंत्र मात्र बाहेरचे आत कालवून ठेवते. पण हे बोलण्याआधी तिने बाकीचे संशयित तपासले. कच्च्या मांसाचा पाट वेगळा होता, काकडीचा वेगळा. पाणी उकळून गार केलेले. सुरी धुतलेली. एकेक संशयित निर्दोष सुटत चालला, तसतसे तिला जास्तच अस्वस्थ वाटू लागले.

"माझे हात हुंग आता," आत्या म्हणाली. "तेवढंच राहिलंय."

"शिजलं हे कशावरून ठरवतेस?"

"साक्षीदारावरून."

साक्षीदार म्हणजे तव्याच्या मधोमध ठेवलेला कटलेट. दर घाण्याला आत्या तो फोडून पाही. आत गुलाबी दिसला नाही की तो स्वतः खाई आणि मगच बाकीचे वाढायला काढी.

"इतकी वर्षं आधी मी खाते, मग लोक. मला एकदा तरी काही झालंय? सांग ना."

झाले नव्हते. पुरावा इतका चोख होता, की शंकाबाईला त्याचाच संशय आला.

तिने ओंजळीतले पाणी तव्यावर शिंपडले. मधले थेंब टणाटण उडून नाहीसे झाले. कडेचे थेंब निवांत बसून राहिले, मग सावकाश आटले. ती खाली वाकली. तवा हातभर लांब, आणि त्याखाली शेगडी एकच, वीतभर रुंद. तिची नजर तव्याच्या कोपऱ्याकडे वळली. तिथे दुप्पट जाडीचा एक कटलेट होता.

"हा कुणाचा?"

आत्याचे उलथने थांबले. "सवयीनं थापला गं. बाळाला जाड लागतो. आणि कडक झाला की ताटात तसाच ठेवतो, म्हणून कडेला ठेवते."

शंकाबाईने तो मोडला. आत सर्वत्र तपकिरी.

"बघ," आत्या म्हणाली. "गुलाबी आहे कुठं?"

शंकाबाईने पिशवीतून नवा, सुईचा तापमापक काढला. साक्षीदाराच्या पोटात सुईने त्र्याऐंशी अंश दाखवले. जाड कटलेटच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, बावन्न.

"किती हवेत?"

"एकाहत्तर. निदान."

"पण रंग तर बदललाय."

"खिम्याचा रंग कधीकधी आधीच बदलतो. रंगाला ताप कळत नाही, आत्या."

आत्या स्टुलावर बसली. "म्हणजे माझा साक्षीदार फितूर निघाला."

"नाही. तो खरंच बोलत होता. फक्त स्वतःपुरतं."

दर खेपेच्या खिम्यात जंतू असतोच असे नाही, म्हणून इतके दिवस निभावले. या वेळी तो इथूनच आला हेही सिद्ध झालेले नव्हते. तिने उरलेला कच्चा खिमा निर्जंतुक बाटलीत भरला आणि वर तारीख-वेळ लिहिली. तोवर आत्या उठली होती. तिने कोपऱ्यातला कटलेट कचऱ्यात टाकला, कडेचे सगळे मधे ओढले, उलथन्याने दाबून पातळ केले आणि बाहेर जाऊन सांगून आली, की आज जेवण अर्धा तास उशिरा. बाकांवरून कुरकुर ऐकू आली. आत येऊन तिने हात पुढे केला. "दे ती सुई."

फोन वाजला. नवरा होता.

"झाली गं. लघवी झाली त्याला."

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "किती? मोजली का?"

"अगं, झाली म्हणतोय ना."

"भांड्यात धरली होती की नाही?"

"नव्वद मिली. नर्सनं लिहून घेतलंय. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, पण लक्ष ठेवायचं."

"मी येते," ती म्हणाली. तिने फोन खिशात टाकला.

तव्यापाशी आत्याने सुईकडे बघत विचारले, "हा चौऱ्याहत्तर दाखवतोय. काढू?"

"मधोमध खुपसलीस ना?"

"मधोमध."

"मग आता पुढचा बघ," शंकाबाई म्हणाली, "आणि त्याच्या पुढचाही."