ट्वीटर सोडवताना

"हा काय काका, येतोय की! सूंऽऽ करून. ऐका ना."

मिस्त्रींच्या दुरुस्तीच्या दुकानात बेसवाली गुडघ्यांवर बसून आपल्या बेस गिटारच्या स्पीकरच्या खोक्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. खाली दोन मोठे स्पीकर, आणि कोपऱ्यात बारीक आवाजासाठी वाटीएवढा ट्वीटर. मिस्त्रींनी त्याला डावा कान लावला. मग उजवा लावला. आत सामसूम.

"हं. येतोय," ते म्हणाले.

असलं खोटं मिस्त्रींच्या तोंडून निघायला चाळीस वर्षं जावी लागली. सगळा बाजार त्यांना कानसेन म्हणायचा. स्पीकरचा कागद नखभर फाटलेला असला तरी ते रस्त्यापलीकडून सांगत. पावती नाही, गॅरंटी नाही. दुरुस्त केलेला स्पीकर स्वतः ऐकायचा आणि खोक्याच्या पाठीवर खडूने लिहायचं, 'ऐकलं'. खाली तारीख. एवढ्यावर लोक डोळे मिटून माल घेऊन जात.

वर्षभर मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. दाराची बेल हल्ली बायकोलाच आधी ऐकू यायची. कामात असतो म्हणून, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"कमी करायचं बटण?"

"तुटलंय. आवाज वरच अडकलाय. बंदच करून टाका ना तो ट्वीटर. मला खर्ज हवाय, हा मधेच नाक खुपसतो. हळू गाणं असलं की तर विचारू नका." ती दिवसा शाळेत गणित शिकवायची आणि शनिवारी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची. गाण्यातही तिला हिशेब चोख लागायचा.

काम म्हणजे मिस्त्रींच्या हातचा मळ. त्यांनी चार स्क्रू काढले, ट्वीटर पुढे ओढला. आता आवाज आला.. म्हणजे त्यांचा स्वतःचा. ऐकणारं कुणी मिळालं की ते शिकवायला लागत.

"हा काढून फेकायचा नाही बरं का. भोक पडलं की हवा निसटते आणि खर्ज फुसका होतो. याने जागेवर बसून राहायचं. वायरही कापायची नाही, नुसती सोडवून टेप गुंडाळायची. उद्या कुणाला जोडावीशी वाटली तर?"

बोलता बोलता त्यांनी वायरींच्या क्लिपा उपसल्या. क्लिपांवर हिरवट गंज होता. तो बघवेना, म्हणून त्यांनी पॉलिशपेपरने घासून त्या लखलखीत केल्या. मग ट्वीटर बसवला, स्क्रू आवळले आणि पाठीवर झोकात लिहिलं, 'ऐकलं'.

बेसवालीने गिटार लावली, अँप चालू केला.

"काय? गेला की नाही?"

तिने आधी खडूच्या अक्षरांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काका, अजून येतोय."

"छे! शक्यच नाही."

तेवढ्यात मागच्या घराच्या पडद्याआडून बायको ओरडली, "अहो, ती शिट्टी बंद करा ना! डोकं उठलंय माझं मघापासून!"

मिस्त्रींची नजर टेबलावर गेली. टेपचं रीळ जसंच्या तसं पडलं होतं. घासलेल्या क्लिपा हातांनी सवयीने परत जोडून टाकल्या होत्या. आयुष्यभर जोडायचंच काम केलेले हात ते. आणि कानांनी काही सांगितलंच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'तुमच्या अँपचाच दोष असणार,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. बोलले असते तर तिने मानलंही असतं, कानसेनांचा शब्द तो.

त्यांनी शर्टाच्या बाहीने 'ऐकलं' पुसून टाकलं.

"ताई, खोटं बोललो मघाशी. मला तो आवाज ऐकूच येत नाही."

"कधीपासून?"

"काय माहीत. गेला तो सांगून थोडाच गेला."

तिने फक्त स्क्रूंची वाटी त्यांच्या हाताशी सरकवली. मिस्त्रींनी पुन्हा सगळं उघडलं, क्लिपा उपसल्या, दोन्हींवर टेप गुंडाळली आणि ट्वीटर जागेवर बसवला. मग बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

"गेला," ती म्हणाली. काय झालंय ते तिला न सांगताच कळलं असावं. "चाळीस वर्षं माझं एक ऐकत नव्हतात, तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

मिस्त्रींना हसू आलं आणि डोळेही भरून आले. बेसवालीने सगळ्यात जाड तार छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले, मिस्त्रींच्या छातीत घुमलं. "हा येतो. हा चांगला येतो," ते घाईने म्हणाले.

त्यांनी खडू बायकोपुढे धरला.

"अहो, मी? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!"

"तू ऐकलंस ना? मग तूच लिही."

तिने लिहिलं. खाली तारीख मिस्त्रींनी घातली.

बेसवाली खोकं गाडीत घालून गेली. मिस्त्री स्टुलावर बसले.

"अगं, कसा होता तो आवाज?"

बायकोने दातांना जीभ टेकवून आवाज काढला. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"परत कर," ते म्हणाले.

तिने परत केला.