सात छेद अकरा बायका

वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. तोंडी परीक्षेत निम्मे पास झाले तर वर्ग चालू, नाहीतर त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायच्या, असं मंडळानं ठरवलं होतं. मंडळाचा ओढा खुर्च्यांकडे होता. खुर्च्या निदान चुकीचं इंग्रजी बोलत नाहीत.

वर्गात बाराजण, त्यात आठ बायका. तपासनीस साहेबांनी प्रत्येकाला वर्गाचं वर्णन अपूर्णांकात करायला सांगितलं. चष्मेवाले किती, या प्रश्नावर बेकरीवाल्यानं तीन-द्वितीयांश असं ठोकून दिलं आणि दीड वर्गाला चष्मे लावले. शेवटी पाच पास, सहा नापास झाले आणि उरल्या एकट्या शिवणकाकू. सगळ्यांचा जीव त्यांच्यात अडकला.

"वर्गात बायका किती?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "सेव्हन-इलेव्हन्थ्स ऑफ द स्टुडंट्स आर विमेन."

व्याकरणात खोट नव्हती. शिकवणाऱ्या बाईंच्या हातातला खडू मात्र मोडला.

"सात छेद अकरा?" साहेबांनी पुन्हा माणसं मोजली.

मागच्या बाकावरून त्यांची सूनबाई कुजबुजली, "आई, एक बाई राहिली."

"कोण गं? नर्सबाई? धरल्या की."

"त्या नाहीत."

"तू? तुला तर पहिली धरली. नाहीतर घरी गेल्यावर ऐकवशील."

"कुजबुज नको," साहेब म्हणाले. "काकू, तुम्ही या वर्गात आहात ना?"

"म्हणजे काय. फी भरलीय."

"मग तुम्हाला कुठे धरलंय?"

काकू विचारात पडल्या. "मी मोजतेय ना. मोजणारीनं स्वतःला धरायचं असतं होय?"

"फी भरली असेल तर धरायचं."

"आमच्या घरात तशी पद्धत नाही हो."

"आजपासून आहे," सूनबाई मोठ्यानं म्हणाली.

काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकेकावरून बोट फिरत आलं, शेवटी जरा अडखळलं आणि त्यांच्याच छातीशी टेकलं.

"टू-थर्ड्स ऑफ अस आर विमेन."

"मघाशी 'ऑफ द स्टुडंट्स' म्हणाला होतात," साहेब म्हणाले.

"हो, पण आता मीही आहे त्यात."

साहेब वहीत खूण करत म्हणाले, "पास. सहा झाले."

बाईंनी फळा पुसला आणि उद्यापासून शेकडेवारी घेऊ म्हणाल्या. शेकडेवारीचं एवढ्या आनंदानं स्वागत आजवर कुठेच झालं नसेल.