अकरावं लुगडं

माधवीने अकरा लुगडी प्लास्टरमध्ये बुडवून उभी केली होती. आत बाई नाही, फक्त नेसणं: काष्टा, निऱ्या, कमरेची खोच, डोक्यावरचा पदर. ती बेळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं हे पहिलंच प्रदर्शन. ते बघायला तिने बेळगुंदीहून आजीला आणलं, कारण लुगडी आजीच्याच ट्रंकेतली होती.

आजी, मालुबाई, ब्याऐंशी वर्षांची. ती रांगेतून हळूहळू फिरली.

"ह्ये शेतात भांगलायला जायचं. ह्ये बाजाराचं. अन् ह्यो काष्टा कुणी घातला गं? चार पावलं चालली की सुटंल."

"तूच शिकवलेला, आजी."

"मग शिकणारीच येडी."

आजूबाजूचे लोक हसले. मालुबाई शेवटच्या, अकराव्या लुगड्यापाशी थांबली. जांभळं, तांबड्या काठाचं.

"ह्ये कुठनं काढलंस?"

"ट्रंकेच्या तळातनं. कोरंच होतं. तू कधी नेसली नाहीस, वाटलं नकोसं असेल."

"घडी मोडलीस व्हय?"

माधवीला काही कळेना. मालुबाईने आवाज न चढवता सांगितलं. बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं पडतं, मगच तिरडी उचलायची. मालुबाईच्या माहेरी, सांबऱ्यात, धाकटा भाऊ भरमू तेवढा उरला होता. त्याला पोरबाळ नव्हतं. तो आजारी पडला तेव्हा खासबागेतल्या विणकराकडून हे लुगडं घेऊन आला होता. म्हणाला होता, "आक्का, मी आधी गेलो तर तुला कोण आणणार?" आणि आधी तोच गेला.

"मी आणते, आजी. खासबागेतूनच. अगदी असंच."

"तू माझ्या ल्येकाची पोर. तू माझ्या सासरची. तुझं कसं चालंल गं?"

माधवीने त्याच संध्याकाळी ते लुगडं खोलीवर नेलं. दोन दिवस टबात भिजवलं, ब्रशने घासलं. प्लास्टर निघालं तिथलं सूतही निघालं. शेवटी हातात ताटाएवढे कडक तुकडे उरले.

मालुबाई फेब्रुवारीत गेली. अंघोळ घालून झाल्यावर शेजारच्या जयाबाईने विचारलं, "माहेरचं कुठाय?"

माधवीने तुकडे पुढे केले. मग जयाबाईने त्यातला सगळ्यात मोठा उचलून मालुबाईच्या छातीवर ठेवला. तो वाकत नव्हता. तिरडी उचलताना दोनदा घसरला, म्हणून सुतळीने बांधला.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडायला मालुबाईचा मुलगा, मष्णू, खाली बसला. राखेत पांढरे तुकडे बरेच होते. तो एकेक वेचून मडक्यात टाकू लागला. त्यातलं हाड कुठलं आणि प्लास्टर कुठलं, हे मागे उभ्या असलेल्या माधवीला ओळखता येत होतं.

एका तुकड्यावर निऱ्यांचे वळ तसेच होते. मष्णूने त्यावरची राख फुंकली आणि तोही जपून आत ठेवला.