वाटीखालचा रुपया

घरोघर पाहणी करत आलेल्या आम्रपालीने ताटलीत रुपया ठेवला, त्यावर वाटी पालथी घातली आणि ताटली दुर्गाबाईंपुढे सरकवली.

"हलवा मावशी. मग वाटी उचलून एकट्याच बघा. छापा पडला तर खरं काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. काय पडलं ते मला सांगायचं नाही."

"म्हंजी मी हो म्हनले तरी तुला कळायचं न्हाई?"

"मलाच काय, कुणालाच नाही. शंभर घरांचे 'हो' मोजले की छाप्याचे पन्नासेक वजा करता येतात. गाव कळतं, माणूस कळत नाही."

दुर्गाबाईंच्या मांडीवर नात नुकतीच झोपली होती. डोंगरपायथ्याच्या या घरातून खराडीच्या कंपन्यांच्या काचा चमकताना दिसत. तिथल्याच एका गेटवर त्यांचा संतोष महिन्यापूर्वी वॉचमन म्हणून लागला होता. घरावर शिकारीची केस झाली तर दुसऱ्या दिवशी गणवेश परत द्यावा लागला असता.

नाणं खुळखुळलं. आम्रपालीने नेहमीप्रमाणे डोकं कागदात घातलं.

"यंदा तुमच्या घरातून कुणी डोंगरावर सशाला फास लावला?"

"हो," दुर्गाबाई म्हणाल्या.

"झालं की मग!"

दाराबाहेर ऐकत उभे असलेले वनरक्षक रंगराव बुटांसकट आत आले. "चार महिने या घरावर नजर ठेवून आहे मी. मॅडमनी दहा मिनिटांत कबुली काढली."

"ही कबुली नाही. छापा पडला असेल, तर हे 'हो' नाण्याचं आहे."

"मग सोपंय. छापा असेल तर मी चाललो. काटा असेल तर संतोषला बोलावून घेतो." ते वाकले.

आम्रपालीचा पंजा वाटीवर पडला. खाली काय आहे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नातीला थोपटणारा दुर्गाबाईंचा हात थांबला.

"हात काढा, मॅडम."

तिने ताटली आणि वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि जोरजोरात हलवली. पोर दचकून रडायला लागली.

"पुरावा मोडलात तुम्ही!"

"पुरावा कुठला, रुपया होता. आता बघा हवं तर."

रंगराव सरळ उभे राहिले. "एवढं शिकून शेवटी छापा-काटाच. चालू द्या. तुमच्या परवानगीचं पत्र आमच्याच ऑफिसातून निघतं, एवढं ध्यानात असू द्या."

बुटांचा आवाज उतरणीला विरेपर्यंत कुणी हललं नाही. आम्रपालीने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. हुंदके तिच्या मानेपाशी हळूहळू निवत गेले.

"माझ्यामुळे आलं असतं हे तुमच्यावर. पण छापा होता की काटा, ते अजून मलाही..."

"म्या बघितलंच न्हाई."

"बघितलं नाही?"

"वाटी उचलून काय करू? छापा आला तरी हो, काटा आला तरी हो. लेकराला कशाला हलवा?"

झोप लागलेल्या पोरीला आम्रपाली बराच वेळ थोपटत राहिली.

शेजारच्या घरी इंदुबाईंना तिने सगळे नियम पहिल्यापासून सांगितले. एक जास्तीचा सांगितला: गरज वाटो न वाटो, वाटी उचलायचीच, आणि मनात दहा मोजून खाली ठेवायची.

मग तिने दाराला कडी घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.