मोठ्याने केलेली प्रार्थना

"एस्तेराताई, अक्षर लागलं नाही तर विचारा," म्हणत कॉर्नेल पाळकांनी पोलिसांची जुनी फाईल माझ्यापुढे ठेवली.

"तुमचं अक्षर लावते मी, पोलिसांचं काय घेऊन बसलात?"

ओरादेया शहरातल्या या कचेरीत मी अकरा वर्षं टायपिंग करते. देशभरातल्या सुवार्तिक ख्रिस्ती मंडळ्यांच्या संघाचा इतिहास छापायचा होता. बाप्तिस्त, पेन्टेकॉस्टल, ब्रदरन हे पंथ एका छपराखाली आले खरे, पण पुस्तकात कुणाचं प्रकरण आधी यावरून महिनाभर जुंपली होती. एकच प्रकरण सगळ्यांना मान्य होतं, तुरुंगात गेलेल्या बंधूंचं. त्यात माझ्या नवऱ्याचं, तोमाचं, पान होतं. हुकूमशाहीच्या काळात सीमेपलीकडून लपवून आणलेली पवित्र शास्त्रं, म्हणजे बायबलं, नेताना तो पकडला गेला, साडेतीन वर्षं आत होता.

चुगली कुणी केली ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्याच मंडळीतल्या सावूने. तोही सोबत जायचा होता, ऐनवेळी दाढ दुखते म्हणून घरी बसला. बावीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. उपासनेनंतर तो हात पुढे करायचा, मी पर्स उघडून बसायचे. त्याच्या बायकोच्या मयतीलाही गेले नाही.

गुप्त पोलिसांचा कागद टाइप करायला घेतला. 'मंगळवारी अकरा बायका प्रार्थनेला जमल्या. तोमाची बायको मोठ्याने म्हणाली, प्रभू, गुरुवारी सहाच्या गाडीने तोमा तुझं वचन घेऊन निघेल. बटाट्यांखालची पुस्तकं तूच झाकून ठेव.'

मी ओळ पुन्हा वाचली. शब्द न् शब्द माझा होता. आमच्यात मोघम प्रार्थना करत नाहीत, नाव, वार, वेळ देवाला नीट सांगायची. मी सांगितली होती. उरलेल्या दहा जणींपैकी कुणी ते पोहोचवलं, हे शोधायचंही मला सुचलं नाही.

घरी आले तेव्हा तोमा सूपच्या वाडग्यापुढे मान खाली घालून बसला होता. सुटून आल्यापासून तो मनातच प्रार्थना करतो. "देवाशी अबोला धरलास काय?" म्हणून मी त्याला किती टोचलं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "माझी ती प्रार्थना."

त्याने चमचा खाली ठेवला. "पकडलं त्या पहिल्याच दिवशी वाचून दाखवली पोलिसांनी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू प्रार्थना करायचीच सोडली असतीस."

"आणि सावू? त्या बिचाऱ्याला मी बावीस वर्षं..."

"त्याला सांगितलं होतं मी. तोच म्हणाला, राहू दे. माझ्यावर राग धरू दे तिला, नाहीतर स्वतःवर धरेल."

मला त्या खोलीत उभं राहवेना. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तोमाने हात धरून मला खुर्चीवर बसवलं.

"आज तू कर प्रार्थना," तो म्हणाला. "मोठ्याने."

मी डोळे मिटले. "प्रभू, सावूला..." एवढंच निघालं.

तोमाच 'आमेन' म्हणाला आणि पाव मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला.