भागिरथा आत्याचं दुसरं गोंदण

भागिरथा आत्याला चहात साखर पडली की मीठ, हे चहा प्यायल्यावर कळायचं. दारात उभं कोण आहे हे ते बोलल्यावर ठरायचं. मागल्या महिन्यात शेजाऱ्याचा रेडा दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिनं त्याला तीनदा "ये न बापा, बस" म्हटलं, आणि तो बसला नाही म्हणून दिवसभर त्याच्या घराण्याला नावं ठेवली. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. उजव्यातला पिकायच्या वाटेवर होता.

पण तिच्या भाच्यानं, प्रसेनजितनं, कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून तिचा फोटो लावला, तशी ती टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन बसली आणि म्हणाली, "हे काय हाये बे कपायावर?"

"कुठी?" प्रसेनजित म्हणाला. कुठं ते त्याला पक्कं माहीत होतं.

"हे. माह्या गोंदनाच्या बाजूले. दुसरं गोंदन."

घरातला डबा कुठला आणि दार कुठलं हे न दिसणाऱ्या बाईला तीळभर ठिपका दिसला. प्रसेनजितनं डोकं धरलं.

आत्याच्या कपाळावर ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं गोंदण होतं. ती पाच वर्षांची असताना तिच्या आईनं तिला मांडीत दाबून ते गोंदवून घेतलं होतं. त्या आईचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. आईचं म्हणून जे काही राहिलं ते एवढं, आणि तेही आत्याला स्वतःला आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी. अशा गोंदणाशेजारी कोणी परवानगी न काढता दुसरं आणून बसवलं तर बाई चिडणारच.

आणि आजचा दिवस चिडण्यासाठी फार वाईट होता. उद्या सोमवारी सकाळी सातच्या गाडीनं आत्याला अकोल्याला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. या होकारासाठी प्रसेनजितनं पाच महिने घालवले होते. होकार मिळाला, पण अटीवर. डॉक्टरचा हात डोळ्याला लागायच्या आत तिचा एक चांगला फोटो निघाला पाहिजे. भिंतीवर पुंजाजी मामांच्या, म्हणजे तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या, फोटोशेजारी लावायचा.

"डोयाचं काई कमीजास्त झालं त माह्यामागं तुमी कोनचाई फोटो लावसान," ती म्हणाली होती. "मंग मी भितीवर जनमभर एका डोयाची कानी राहू का?"

मेल्यावर जन्मभर म्हणजे किती, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

मामांचा फोटो याच कॅमेऱ्यानं बारा-तेरा वर्षांपूर्वी काढलेला. हीच निळी भिंत, हीच लोखंडी खुर्ची. म्हणून आत्याचाही इथंच, यानंच. प्रसेनजितनं आधी मोबाइलवर काढून पाहिला होता. मोबाइलनं आपल्या मनानं तिचे गाल गुळगुळीत केले, रंग उजळला आणि गोंदण साफ पुसून टाकलं.

"हे कोन हाये?" आत्यानं विचारलं होतं.

"तू."

"मले नोको शिकवू. हे पांढरी बाई कोन हाये?"

मग कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर पाठवून कारंज्याच्या एका फोटोवाल्याकडे पुसायला दिला. त्यानं मन लावून काम केलं. दोन्ही ठिपके पुसले. मग प्रसेनजितनं आत्याला खुर्चीसकट बाजूला सरकवून पाहिलं, तर ठिपका भिंतीवर गेला. त्यावर ती म्हणाली की डोक्याजवळ माशी बसलेली आपल्याला चालणार नाही, मामांना माशीचा फार राग होता.

दोष कोणाचा, हेही प्रसेनजितला माहीत होतं. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघालं तेव्हा कलात्मक व्हिडिओ काढायचा म्हणून तो मळणीयंत्राच्या अगदी तोंडापुढे हा कॅमेरा घेऊन उभा होता. व्हिडिओला अकरा लोकांनी पसंती दिली, त्यातले चार घरचे. आणि भुसकटाचा एक कण भिंगाच्या फटीतून आत गेला. कॅमेऱ्याच्या पोटात नखाएवढी काच असते, फोटो तिच्यावर उमटतो. तिला सेन्सर म्हणतात. त्या कणाला सबंध सेन्सरवर जागा पडलेली असताना तो मधोमध, किंचित वरच्या अंगाला जाऊन बसला. माणसाचं कपाळ येतं, बरोबर तिथं.

"दादा, सापडलं," सुकेशनी म्हणाली. ही त्याची धाकटी बहीण. सकाळपासून ती मोबाइलवर उपाय शोधत होती आणि मधूनमधून हसत होती, ते मदतीत धरायचं की नाही हे ठरत नव्हतं. "कॅमेरा खोलाचं काई काम नाई. भिंगाच्या तोंडाले व्हॅक्यूम क्लीनर लावाचा. कॅमेरा चालू-बंद, चालू-बंद कराचा. भिंग आतबाहेर होते आन् धूळ वढल्या जाते. या मानसानं दोन मिनिटात काढली."

"व्हॅक्यूम क्लीनर कोनाकडं हाये कामरगावात?"

"बँकेच्या सायबाकडं होता."

"मंग आन जाऊन."

"त्याइची बदली झाली. होळीलेच."

प्रसेनजितनं त्या साहेबाला मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं. एवढ्यात दारातून आवाज आला, "व्हॅक्यूम म्हंजे काय? उलटा पंप."

हे इंद्रभान, प्रसेनजितचे वडील. आत्याचे धाकटे भाऊ. बसस्टँडजवळ त्यांचं सायकल आणि फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तीस वर्षांत त्यांना असं एकही यंत्र भेटलं नव्हतं जे शेवटी पंप निघालं नाही. फ्रीज म्हणजे पंप. माणसाचं काळीज, तेही पंप. डॉक्टरलाही त्यांनी हे ऐकवलं होतं.

"बाबा, हे नाजूक काम हाये."

"सायकलच्या पंपात चामड्याचा वायसर असते. तो उलटा बसवला का पंप हवा टाकत नाई, वढते. तू मले नाजूक नोको सांगू."

प्रसेनजितला यातली सगळ्यात वैतागाची गोष्ट ही वाटली की हे बरोबर होतं.

इंद्रभानांनी वायसर, म्हणजे वॉशर, उलटा केला, त्याला खोबरेल लावलं. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून एक तोंड पंपाच्या नळीला बांधलं, दुसरं भिंगाभोवती चढवलं. कॅमेरा प्रसेनजितनं दोन्ही हातांनी धरला, बटणावर सुकेशनीचं बोट. आत्या खुर्चीवर बसून होती, कारण पुन्हा उठबस कोण करणार.

"वढा," सुकेशनी म्हणाली.

इंद्रभानांनी दांडा ओढला. भिंग 'कीं' करून बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं आणि जरा जास्तच बाहेर आलं. "बाबा, बाबा, बाबा!" प्रसेनजित ओरडला. इंद्रभानांनी दांडा सोडला. ट्यूब काढून फोटो घेतला, टीव्हीवर लावला. सगळे पुढे झाले.

कपाळ स्वच्छ होतं. ठिपका डाव्या डोळ्यात गेला होता, बुबुळाच्या बरोबर मधोमध.

आत्यानं वीतभर अंतरावरून निरखलं. "मोतीबिंदू," ती म्हणाली. "आंदी फोटोत तरी नोता."

"पर हलली न?" इंद्रभान खूश होते. "हलली म्हंजे निंगन. लाव रे."

दुसऱ्या ओढीला ठिपका डोळ्यातून उतरला आणि नाकपुडीवर येऊन थांबला.

"शोभते, आत्या," सुकेशनी म्हणाली. "नथ घातल्यावानी."

"लगनात नाई भेटली मले घालाले. आता मरताखेपी काय करू?"

"सुकेशनी, तू चूप राह्य," प्रसेनजित म्हणाला. "आत्या, तूई चूप राह्य. बाबा, हळू वढा. तुमी काई हीर उपसून नाई राह्यले."

"हळू वढून कधी काई निंगालं का?" इंद्रभानांनी विचारलं आणि पाय भिंतीला टेकवून दांडा असा ओढला की आत कुठंतरी 'फाट' झालं. दांडा हातात आला, इंद्रभान मागच्या मागे तांदळाच्या पोत्यावर बसले. वायसरचे दोन तुकडे झाले होते. घरात तसल्या चामड्याचा दुसरा वायसर नव्हता, दुकानातले संपले होते, आणि आज रविवार.

प्रसेनजितनं शेवटचा म्हणून फोटो काढला.

ठिपका कपाळावर परत आला होता. आधी गोंदणाच्या शेजारी होता, आता बरोबर वर, बोटभर अंतरावर. दोन तास, तीन माणसं, एक पंप. एवढ्या खटपटीनंतर तो कण सबंध चेहरा हिंडून, बघण्यासारखं सगळं बघून, घराशेजारी राहायला आला होता.

"मी फोडतो आता हा कॅमेरा," प्रसेनजित म्हणाला. "नाई, फोडतोच. आत्या, अवो लोकाइच्या फोटोत डोये मिटलेले असते, मुंडकी कापलेली असते. तुह्या फोटोत एक ठिपका हाये. एक! कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो," आत्या म्हणाली.

"तुले त दिसतच नाई!"

बोलू नये ते बोललं गेलं. टीव्हीवर आत्या कपाळावरच्या दोन ठिपक्यांनिशी बघत होती. खुर्चीतली आत्या उठली, चाचपडत कोपऱ्यात गेली आणि अकोल्यासाठी भरलेली थैली उपसायला लागली. लुगडं काढलं. ताट काढलं. रिपोर्टांची पिशवी काढून ती तिनं टीव्हीवर ठेवायला हात पुढे केला, आणि टीव्ही तिथं नव्हता. पिशवी खाली पडली.

"नाई जात मी," ती म्हणाली. "काय पाह्यचं राह्यलं हाये आता?"

मग तहान लागली असावी. माठापर्यंत ती बरोबर गेली, चाळीस वर्षांचा माठ होता. पाणी घेतलं, प्यायली, आणि गडू माठाच्या झाकणावर ठेवला. झाकणाच्या दोन बोटं अलीकडे. गडू फरशीवर पडून लोळत लोळत प्रसेनजितच्या पायाशी येऊन थांबला.

सुकेशनीनं मोबाइल खाली ठेवला.

प्रसेनजितनं गडू उचलून झाकणावर ठेवला. आत्याचा हात धरून तिला खुर्चीवर आणून बसवलं. पदर सारखा करून तिनं विचारलं, "ते आता कुठी हाये म्हनतं?"

"कोन?"

"ते धूळ."

"गोंदनाच्या वर. बोटभर."

"सरकत नाई?"

"वायसर फाटला."

"मंग मले बोटभर वर कर न."

इंद्रभान तुटका वायसर हातात घेऊन उभे होते. त्यांनी वायसरकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. तिच्या उपायात पंपाचा भाग कुठं नव्हता, म्हणून त्यांना हे सुचलं नसावं.

प्रसेनजितनं कॅमेरा स्टुलावर पुस्तकांच्या चळतीवर पक्का बसवला आणि फळीवरून तलाठी भरतीचा गाइड काढला. तीन वर्षांत त्या गाइडानं त्याला कुठं बसवलं नव्हतं. आज त्यानं त्यावर आत्याला बसवलं. फोटो काढला. गाइड बोटाहून जाड निघाला, ठिपका आता गोंदणाच्या खाली होता. गाइड काढून दोन वर्षांपूर्वीचं चालू घडामोडींचं पातळ पुस्तक ठेवलं.

"जरा डावीकडं, आत्या. नाई, तुह्या नाई, माह्या डावीकडं. हां. आता श्वास नोको घेऊ."

"घेऊ का नोको?"

"बोलू नोको!"

सातव्या फोटोत ठिपका नव्हता. म्हणजे होता, पण गोंदणावर, गोंदणाच्या आत, दाणा दाण्यावर बसावा तसा. आत्या टीव्हीसमोर जाऊन बसली. तिनं काचेवर बोट टेकवून मोजलं.

"एक," ती म्हणाली. पुन्हा मोजलं. "एकच." मग जरा थांबून, "थोडं मोठं नाई झालं?"

"वयानं वाढते ते," प्रसेनजित म्हणाला. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

आत्यानं जमिनीवरचं लुगडं चाचपून उचललं, घडी घातली आणि थैलीत ठेवलं. "गाडी साताचीच हाये न?"

ऑपरेशन चांगलं झालं. परत येईपर्यंत इंद्रभानांनी फोटो मोठा करून, काचेत बसवून मामांच्या शेजारी लावला होता. चौथ्या दिवशी आत्या काळा चष्मा लावून घरात आली. चष्मा काढायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. तिनं उंबऱ्यातच काढला.

आधी माठ पाहिला. मग सुकेशनीला पाहून म्हणाली, "कितीक वाळली व पोट्टी." मग भिंतीपाशी गेली. वीतभर अंतरावर जायची गरज पडली नाही, चांगली चार हातांवरून पाहत उभी राहिली. मामांकडे पाहिलं. आपल्या फोटोकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

प्रसेनजितनं श्वास रोखला. आता तिला कण दिसणार, खरा दिसणार.

"गोंदन बराबर हाये," आत्या म्हणाली.

त्यानं श्वास सोडला.

"पर बाकीचं हे काय हाये?" तिनं गालावर बोट ठेवलं, कपाळावर ठेवलं, मानेवरून खाली आणलं. "ह्या रेघा? लकिराच लकिरा?"

"सुरकुत्या हाये, आत्या."

"ह्या नोत्या मले."

"होत्या, आत्या."

"मंग त्या दिवशी मले काहून नाई दिसल्या? टीव्हीएवढा त फोटो होता. ठिपका दिसला न मले? मंग?" तिनं सगळ्यांकडे एकेकदा, स्वच्छ डोळ्यानं पाहिलं. "धूळच हाये हे. तुमी ते वढून वढून सारी माह्या तोंडावर आनली. दुसरा काढा. इंद्रभान, पंप आन तो."

"बाबा, नाई," प्रसेनजित म्हणाला. "बाबा, बसा खाली. बाबा!"

पण इंद्रभान निघालेच होते. पंप दारामागे उभा होता, आणि नवा वायसर त्यांनी सोमवारीच, उलटा, बसवून ठेवला होता.